भीमथडीची घरशाळा

इंग्रज सरकारने १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, तेव्हा आजचा बारामती तालुका आणि आजचा दौंड तालुका एकाच नावाखाली नांदत होते. भीमथडी. वरच्या अंगाला भीमा, खालच्या अंगाला नीरा आणि मधे सुपे, पाटस, केडगाव, बारामती अशी गावे. पूर्वेला इंदापूर, जिथे नीरा नरसिंगपूरपाशी या दोन्ही नद्या एक होतात. या टापूची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. माणसांच्या वाट्याला मात्र बेभरवशाचा पाऊस आला. इंदापूर तालुक्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने बसवलेला शेतसारा इतका जड झाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथूनच नव्या मोजणीची सुरुवात करावी लागली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली. पुढच्याच वर्षी १८७६ चा दुष्काळ आला.

अशा मुलखात शाळा भरवणे सोपे नव्हते. पोराला पंतोजीकडे घालावे, तर सुगीला ते शेतात हवे; पाऊस चुकला, तर घरच उठून दुसऱ्या गावी निघालेले. पंतोजींनाही हे ठाऊक होते. त्यांच्या शाळेला इयत्ता नव्हत्या. फळीवर विटेची भुकटी पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे, चुकले की फळी हलवून पुन्हा सुरुवात करायची. थोरल्याने धाकट्याचा हात धरायचा. महिनाभर गैरहजर राहिलेला मुलगा परत आला, की सोडल्या जागेपासून पुढे चालू. ही शाळा उग्र होती, शिक्षा रानटी होत्या, मुली आणि दलितांची पोरे तिच्या उंबऱ्याबाहेर होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पोरांच्या वेळेप्रमाणे आपला वेळ बेतायची अक्कल तिच्यात होती. शेजारच्या पुरंदर तालुक्यात १८३० च्या दशकात असिस्टंट कलेक्टर शॉर्टरीड याने गावोगाव सरकारी शाळा काढल्या, त्या याच पायावर उभ्या राहिल्या.

थोरल्याने धाकट्याला शिकवायची रीत तर सातासमुद्रापार गेली. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल हा अँग्लिकन पाद्री. देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले त्याने पाहिली, तीच पद्धत आपल्या अनाथालयात आणली आणि पुढे इंग्लंडात जाऊन ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजवली. विलायतेत हजारो गरीब मुले या रीतीने शिकली. शंभर वर्षांनी तीच रीत भीमथडीत परत आली, तीही एका ख्रिस्ती बाईच्या हातून. ती बाई स्वतः एकही दिवस शाळेत न जाता पंडिता झाली होती.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला शिकवायला वाड्यात जात. बाईमाणसाच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्री चकित झाले, आणि आपणही बायकोला शिकवायचे हे त्यांनी मनाशी धरले. पहिल्या संसारात ते जमले नाही. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवलेच. लोकांचा रोष ओढवून घेऊन ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तिथे विद्यार्थी आले, पाठशाळा भरू लागली. २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला, तो त्याच घरात.

पुढे पैसा संपला आणि घर सुटले. आईवडील, श्रीनिवास, कृष्णाबाई आणि धाकटी रमा असे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी फिरू लागले. रमाबाईंच्या शिक्षणाचा खरा काळ हाच. वडील वृद्ध झाले होते, म्हणून धाकटीला आईने शिकवले. लक्ष्मीबाईंना दिवसभर स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याची उठबस. सवड मिळे ती फक्त पहाटे. पाखरे बोलायला लागली की त्या मुलीला अंथरुणातून उचलून मांडीवर घेत आणि तिचे डोळे उघडेपर्यंत लाडाने बोलत राहत. मग पाठ. पुस्तकापेक्षा कान महत्त्वाचे. उजाडले की आई कामाला आणि मुलगी पाठांतराला. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले, ते असे. कानडी, हिंदुस्थानी, पुढे बंगाली या भाषा वाटेवरच्या माणसांनी शिकवल्या. मराठी शुद्ध राहिली, कारण घरात तीच बोलायची असा दंडक होता. मुक्काम रोज बदलत होता, पहाटेचा पाठ बदलत नव्हता.

या घरशाळेची दुसरी बाजूही सांगायला हवी. अनंतशास्त्र्यांनी मुलांना व्याकरण आणि पुराण शिकवले, पोटाला लागेल असा एकही व्यवसाय शिकवला नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब मद्रास इलाख्यात उपाशी फिरत राहिले, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, बहीण गेली. रमाबाईंनी पुढे केडगावात प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले, त्यामागे ही भूक होती असे म्हटल्यास चूक होणार नाही.

रमाबाई स्वतः आई झाल्या १८८१ मध्ये. वर्षभराच्या आत नवरा, बिपिनबिहारी मेधावी, वारला. मुलगी मनोरमा कडेवर घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहत असताना, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची.

मग एक भांडण सुरू झाले, आणि आज मुलांना घरी शिकवणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती आईबापांना ते परके वाटणार नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. मनोरमा बराच काळ वाँटेजला. तिथल्या सिस्टर जेरल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाई मनोरमेला चर्चची शिकवण रीतसर देऊ लागल्या, त्रैक्याचा सिद्धांत धरून. रमाबाईंना तो सिद्धांत तेव्हा पटलेला नव्हता. त्यांनी पत्रांतून ठणकावले, की माझ्या मुलीच्या मनात काय घालायचे हे मी ठरवीन. जेरल्डिनबाईंना हा कृतघ्नपणा वाटला. हा पत्रव्यवहार ए. बी. शहांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना प्रेम दोन्ही बाजूंना दिसते, आणि हट्टही. ज्या बाईने जन्मभर वेळापत्रके मोडली, जागा बदलल्या, अभ्यासक्रम फिरवले, ती या एका बाबतीत तसूभरही हलली नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे बालशिक्षणाची फ्रोबेल पद्धत शिकल्या. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. मूल ते हातात घेऊन फिरवते, रचते, मोडते, आणि त्यातून आकार, संख्या, रंग शिकते. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईला ही पद्धत इतकी भावली, की मराठी मुलांसाठी चित्रांची क्रमिक पुस्तके तयार करण्याचा घाट तिने अमेरिकेतच घातला. स्वतः ज्या रीतीने शिकलो तीच मुलांवर लादावी हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. रमाबाईंनी तो आवरला, आणि त्यांचे मोठेपण मोजताना ही गोष्ट सहसा कोणी धरत नाही.

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, विधवा आणि मुलींसाठी घर आणि शाळा एकत्र. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदनात धर्म शिकवायचा नाही, हा करार होता. मुली आपापले सोवळेओवळे पाळत. अडचण निर्माण झाली ती एका दारामुळे. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंनी कोणाला बोलावले नाही, कोणाला घालवलेही नाही. पुण्यात गहजब झाला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांना फसवणूक वाटली, बाईंना हा आपल्या घरातल्या मोकळेपणावर घाला वाटला. दोघांच्या बाजूने बोलता येईल. जिथे आई, मुलगी, शिक्षिका आणि विद्यार्थिनी एकाच छपराखाली राहतात, तिथे घर कुठे संपते आणि शाळा कुठे सुरू होते याची रेघ ओढायला तेव्हा कोणालाच जमले नाही.

या सगळ्यात भीमथडी आली ती अगदी व्यवहारी कारणाने. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी सदनाला दहा वर्षे पैसा पुरवायचे वचन दिले होते. ती मुदत सरत आली. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी केडगाव स्टेशनजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडे लावायच्या बेताने. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो बायामुली वाचवून आणल्या. पुण्यात प्लेग होता; अधिकाऱ्यांनी सदनात गर्दी करू दिली नाही. तेव्हा तंबू आणि झापाची छपरे टाकून त्या सगळ्यांना केडगावच्या माळावर उतरवले. मुक्ती सदन सुरू झाले ते हे. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली.

आलेल्यांत कोण होते? चार वर्षांची पोरे आणि तिशीतल्या विधवा. गुजराती, हिंदी, मराठी बोलणाऱ्या. बहुतेकींनी अक्षर पाहिलेले नाही. भुकेने काहींची मने इतकी बधिर झालेली, की एका जागी बसणे हाच पहिला धडा. वयाप्रमाणे इयत्ता लावायची सोय नव्हती, कारण तिशीतली बाई आणि सहा वर्षांची पोर दोघी ‘अ’ वर होत्या. रमाबाईंनी शारदा सदनातल्या शिकलेल्या मुलींना पुढे काढले. एकेकीच्या ताब्यात नव्या मुलींचे टोळके दिले: त्यांची आंघोळ, केस, जेवण, आजारपण आणि अभ्यास सगळे तिच्याकडे. जी थोडे शिकली तिने मागच्या तुकडीला शिकवायचे. पंतोजीची रीत आणि अँड्र्यू बेलची युक्ती इथे एका स्वयंपाकघराभोवती जमली.

दिवसाचे दोन भाग: एक पुस्तकाचा, एक हाताचा. शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुलाई, छापखाना. कोणाला अक्षर लवकर उमगले तर ती शिक्षिकेच्या वर्गात गेली. जिला उमगले नाही ती मागावर गेली आणि तिथे तरबेज झाली. आंधळ्या मुलींसाठी बर्तिमी सदन निघाले. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती, तिने ते शिकवले. मुलांसाठी सदानंद सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीति सदन. गरज आली की सदन निघाले. आधी योजना आणि मग माणसे असा क्रम इथे कधी नव्हता.

१९०५ च्या पावसाळ्यात धार्मिक जागृतीची मोठी लाट मुक्तीत उसळली, तेव्हा नेहमीचे वर्ग बाजूला पडले आणि दिवसच्या दिवस प्रार्थना चालली. बाईंच्या चाहत्यांना हा मुक्तीचा सुवर्णक्षण वाटतो. शिक्षणाच्या इतिहासकाराला मात्र इथे थांबून विचारावे लागते, की ज्या मुलींचे पाठ थांबले त्यांना कोणी विचारले होते का? लवचीकपणाचे वारे दोन्ही दिशांनी वाहते; वेळापत्रक मोडायचा हक्क ज्याच्या हाती, त्याचीच इच्छा शेवटी चालते.

मुक्तीच्या छापखान्यात रमाबाईंच्या शिकवण्यातला सगळ्यात मोठा बदल दिसतो. तेव्हा चालू असलेले मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. केडगावच्या खेडवळ बायांना ते कळेना. म्हणून संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि संपूर्ण बायबलाचे साध्या बोलीत भाषांतर मांडले. शिकणाऱ्याला कळत नसेल तर शिकवणाऱ्याने खाली उतरायचे. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्या बायामुली. हिब्रू आणि ग्रीक खिळेही त्यांच्याच हातांखालून गेले. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

त्याच काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात वेगळ्या तऱ्हेच्या घरशाळा चालत होत्या. अमेरिकन मराठी मिशनची कुटुंबे आपली मुले लहानपणी घरीच शिकवत. आईच शिक्षिका, आणि तिच्यामागे दवाखाना, मुलींची शाळा, पाहुणे यांचा व्याप. मूल मोठे झाले की त्याला बोटीने अमेरिकेला पाठवायचे आणि वर्षानुवर्षे तोंड पाहायचे नाही. हा जीवघेणा विरह टाळायला १९०१ मध्ये कोडाईकॅनालला शाळा निघाली. इंग्लंडात शार्लट मेसनबाईंनी १८९१ पासून घरी शिकवणाऱ्या आईबापांना टपालाने अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली. लहान पाठ, चांगली पुस्तके, आणि वाचलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगायचे, ही त्यांची रीत. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ मध्ये हेच अमेरिकन घरांसाठी केले. आज जगभरच्या ख्रिस्ती घरशाळांत मेसनबाईंचे नाव घेतले जाते.

मराठी ख्रिस्ती घरातले चित्र पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. नारायण वामन टिळकांनी बायकोला घरीच लिहावाचायला शिकवायचा घाट घातला, तो त्यांच्या लहरीप्रमाणे कधी जोरात चाले, कधी बंद पडे. १९०० मध्ये बाईंचाही बाप्तिस्मा झाला. नगरच्या त्यांच्या घरात पोटची दोन आणि परकी कितीतरी पोरे वाढली. वेळापत्रक असे नव्हतेच. होती ती उठाठेव, भांडणे, कविता आणि लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी. रमाबाईंच्या शिस्तीशेजारी हे घर अगदीच विस्कळीत दिसते. पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले, हेही विसरून चालत नाही.

मनोरमेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. हजारोंची आई झालेल्या बाईची एकुलती मुलगी काही काळ वाँटेजला वाढली, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्ब्रो सेमिनरीत शिकली, आणि १९०० च्या दुष्काळात मदतीला धावत केडगावला परतली. संस्थेचा गाडा ओढता ओढता तिने मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि गुलबर्ग्याला शाळा काढली. जुलै १९२१ मध्ये, आईच्या आधी साधारण नऊ महिने, ती वारली.

आज भीमथडी हे नाव पुण्यातल्या जत्रेपुरते उरले आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरच्या दुष्काळी रानात ऊस आणला. उसाबरोबर दर हिवाळ्यात तोडणी मजुरांची कुटुंबे येतात, आणि त्यांच्या पोरांसाठी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरवाव्या लागल्या. शाळेने मुलाच्या मागे जायचे, ही तीच जुनी गरज. बारामतीत शाळा-कॉलेजांची आता वानवा नाही, तरी शहरांतले काही पालक मुलांना जाणूनबुजून घरी शिकवतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शाळेची जबाबदारी सरकारवर टाकली. घरी शिकवणाऱ्या आईबापांना त्याने गुन्हेगार ठरवले नाही आणि वेगळी मान्यताही दिली नाही. अशा बहुतेक घरांची वाट शेवटी दोन दारांशी येते: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, किंवा राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावी. पाठ पहाटे घ्या, शेतात घ्या, एका मुलाला गणित आधी आणि दुसऱ्याला गोष्ट आधी द्या. तो फॉर्म मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो.